डब्ल्यूआरसीचा, म्हणजे जागतिक रॅली अजिंक्यपदाचा, ईएचा अधिकृत रॅली गेम कंट्रोलरवर खेळायला घ्यावा का, आणि त्यातला को-ड्रायव्हर (शेजारी बसून पुढची वळणं सांगणारा) नुसते आकडे बडबडत बसतो, ती बडबड बंद करता येते का?

येते. सेटिंगमध्ये जाऊन त्याचा आवाज शून्यावर आणला की तो गप्प. पण भावा, तेवढं करू नकोस, आणि करणारच असशील तर हा गेम घेऊच नकोस, ते पैसे फोर्झा ह्या कार रेसिंग गेमच्या पुढच्या भागाला ठेव. कंट्रोलरचं काय ते कुठल्याही यूट्यूबवाल्याकडनं कळेल, पण तो शेजारचा माणूस ‘नुसते आकडे बडबडत बसतो’ असं तू प्रश्नात लिहिलंयस ते मला लागलं, कारण त्या सीटवर मी स्वतः बसलोय.

आधी गेमचं सांगतो. ईए स्पोर्ट्स डब्ल्यूआरसी, ३ नोव्हेंबर २०२३ ला आला. त्याच्या आधी परवाना नॅकॉन कंपनीकडं होता आणि गेम केटी रेसिंग बनवायची, मग तो ईएकडं आला आणि हा गेम बनवला कोडमास्टर्सनं, म्हणजे १९९८ च्या कॉलिन मॅक्रे रॅलीपासनं डर्ट रॅलीपर्यंत ज्यांनी केलं तीच मंडळी. परवाना खरा असल्यामुळं टोयोटाची जीआर यारिस, ह्युंदाईची आय ट्वेंटी आणि फोर्डची प्यूमा ह्या रॅली वनच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या गटाच्या गाड्या खऱ्या रंगात मिळतात, शिवाय लॅन्सिया, प्यूजो २०५, सुबारू, जुनी मिनी, असं धरून सुरुवातीलाच ७८ गाड्या आणि १७ ठिकाणं. स्टेज, म्हणजे घड्याळ लावून चालवायचे रस्त्याचे तुकडे, दोनशेच्या वर. त्यातल्या काही सलग ३० किलोमीटरच्या पुढं जातात, आणि एवढा लांब रस्ता बसावा म्हणूनच त्यांनी गेम बनवायचं स्वतःचं जुनं सॉफ्टवेअर सोडून अनरियल घेतलं. जपानची डांबरी स्टेज पाऊस लावून चालवून बघ, भर जुलैत करूळ घाट उतरल्यासारखं वाटतं.

आता मला सांग, ३० किलोमीटर रस्ता कुणाच्या डोक्यात बसतो? फोर्झात तोच ट्रॅक फिरून फिरून येतो, चौथ्या लॅपला हाताला वळणं पाठ होतात. रॅलीत रस्ता समोरनं एकदाच येतो. खऱ्या डब्ल्यूआरसीत दोघं आधी रेकी करतात, मर्यादित वेगात प्रत्येक स्टेज फक्त दोनदा बघायला मिळते, तेवढ्यात ड्रायव्हर वळण बघून बोलतो आणि को-ड्रायव्हर वहीत उतरवतो, आणि शर्यतीच्या दिवशी ती वही बरोबर वेळेला वाचून दाखवायची, लवकर वाचली तर ड्रायव्हर विसरतो, उशिरा वाचली तर गाडी झाडात. गेममध्ये एक म्हणजे लय आवळ वळण आणि सहा म्हणजे जवळजवळ सरळ. फिनलंडला चढावरनं गाडी हवेत जाते तेव्हा पलीकडं रस्ता डावीकडं वळतोय का उजवीकडं हे तुझ्या डोळ्याला दिसतच नाही, ते त्या माणसाच्या तोंडातनंच कळतं. म्हणून जागतिक अजिंक्यपद ड्रायव्हरला वेगळं आणि को-ड्रायव्हरला वेगळं देतात. सेबॅस्टियन लोब २००४ ते २०१२ सलग नऊ वेळा जगज्जेता झाला, नऊच्या नऊ वेळा शेजारी डॅनिएल एलेना होता. आपल्याकडं रॅली ड्रायव्हर गौरव गिलला २०१९ ला अर्जुन पुरस्कार मिळाला, मोटरस्पोर्टमधला पहिलाच, आणि मिळायलाच पाहिजे होता, पण त्याच्या शेजारी बसून राष्ट्रीय रॅल्या जिंकलेला मुसा शरीफ आपल्या गावात किती जणांना माहीत आहे? कोल्हापूर रेसिंगवेडं आहे, मोहित्यांच्या ट्रॅकवर कार्टिंग करून पोरं मोठी झालीत, आपला कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत जाऊन आला, पण ते सगळं एकट्याचं रेसिंग. शेजारची सीट कुणाच्या गिनतीतच नसते.

माझं सांगतो. काही वर्षांपूर्वी इथल्याच एका क्लबनं टीएसडी, म्हणजे टाइम-स्पीड-डिस्टन्स रॅली ठेवली होती. टीएसडीत वेग मारायचा नसतो, आयोजक सरासरी वेग देतात, तोच धरून जायचं, वाटेत कुठंतरी घड्याळ घेऊन माणसं लपून बसलेली असतात, उशिरा पोचलास तर दंड आणि लवकर पोचलास तरी दंड. मावसभावानं गाडी काढली आणि मला म्हणाला तू चल नकाशा बघायला. नकाशा नसतो त्यात, रोडबुक असतं, बाण आणि टिंबाच्या आकृत्या आणि पुढं अंतर, पण असू दे. मी आठवडाभर आधी बसून तक्ता केला, ३६ चा वेग असेल तर एका किलोमीटरला १०० सेकंद, ४० चा असेल तर ९०, असं प्रत्येक वेगाचं शंभर मीटरपर्यंत फोडून.

सुरुवातीला मीटर तपासायला एक टप्पा देतात, त्यांच्या मापानं बरोबर दहा किलोमीटर. आमच्या मीटरवर आलं ९.७. कारण उघड होतं, ह्यानं महिनाभर आधी शोभेसाठी कंपनीपेक्षा मोठे टायर घातले होते, चाक मोठं झालं की तेवढ्याच अंतरात फेरे कमी होतात आणि मीटर कमी दाखवतो. मी तिथंच सांगितलं की इथनं पुढं मीटर दाखवतोय त्याच्यापेक्षा आपण तीन टक्के पुढं आहे, माझ्या आकड्यावर चालव, मीटर बघू नकोस. तर म्हणाला, “कंपनीचा मीटर कधी चुकत न्हाई, तू वही बघ.”

बालिंग्यातनं कळ्यापर्यंत कसाबसा ऐकत होता. कळ्यातनं बाजारभोगावकडं आत शिरलो आणि पुढं ऊसाचे दोन ट्रॅक्टर, डबल ट्रॉली, सीझनच होता. त्यांच्यामागं अडकलो तेव्हा मी म्हटलं राहू दे, आपण आधीच पुढं आहे, हा वेळ आपल्याला पाहिजेच होता, उलट बरं झालं. ह्याच्या अंगात आलं. “मागं पडलोय, मीटर बघ की!” म्हणून त्यानं साइड मारली आणि पुढचे सगळे किलोमीटर गाडी दामटली. मी आकडे सांगतोय, सेकंद सांगतोय, अजून हळू, अजून हळू, आणि हा पठ्ठ्या टेप मोठा करतोय. एका खोपीच्या आडोशाला मार्शल घड्याळ घेऊन बसला होता, त्यानं आमची वेळ टिपली आणि हसून हात केला. हिशोब साधा आहे, ३६ च्या वेगानं ४० किलोमीटरचा टप्पा असला की तीन टक्क्यांचे १.२ किलोमीटर होतात, म्हणजे १२० सेकंद. पूर्ण दोन मिनिटं आधी पोचायची सोय त्या टायरनंच करून ठेवली होती, ट्रॅक्टर ओलांडून मारलेला जोर वेगळाच.

ती रॅली जिंकली इचलकरंजीच्या एका नवरा-बायकोनं, जुन्या मारुती ८०० मध्ये. बाईंच्या मांडीवर परीक्षेचं पॅड, त्याला लावलेला तक्ता, दोन घड्याळं, आणि काका म्हणत होते की मी फक्त ती म्हणेल तसा पाय ठेवतो. मी तो तक्ता मागून बघितला, जवळजवळ माझ्यासारखाच होता. फरक एवढाच की त्यांच्या गाडीत तो ऐकला गेला.

पण घरी काय झालं? दर लग्नात, दर जत्रेत, पाहुणे जमले की मावसभाऊ सांगतो, “ह्यानं आकड्यांचा घोळ घातला, न्हाईतर कप आपलाच हुता.” मावशीपण तेच सांगते. मी वही दाखवतो तर कोण बघत नाही. आणि ह्याच्या तोंडात कायम जोगिंदर सिंग, आपल्या रक्ताच्या माणसानं केनियात सफारी रॅली मारली म्हणून. खरंच मारली, १९६५, १९७४ आणि १९७६, तीनदा, आणि मलाही त्याचा तेवढाच अभिमान आहे. पण १९६५ ला व्हॉल्वोत त्याच्या शेजारी त्याचा भाऊ जसवंत बसला होता, ते नाव ह्याच्या गोष्टीत एकदाही येत नाही.

आता हे सगळं तुला का सांगतोय, तर ह्या गेममध्ये रेग्युलॅरिटी रॅली म्हणून एक मोड आहे, आणि तो म्हणजे अगदी हेच. ठरवून दिलेला सरासरी वेग, वाटेत वेळ तपासणं, पुढं गेलास तरी मार, मागं राहिलास तरी मार. अधिकृत डब्ल्यूआरसीच्या गेममध्ये हे आहे, आणि ‘टीएसडी म्हणजे काय रॅली नव्हं’ असं मला वर्षानुवर्षं ऐकवलं गेलंय. दिवाळीत मावसभाऊ घरी आला तेव्हा त्याला आधी साधी स्टेज दिली. तुझ्यासारखंच, पहिलं काम आवाज बंद. मग म्हणाला दुसऱ्या गाड्याच नाहीत तर रेस कुणाशी. केनियाच्या स्टेजला पहिल्या मोठ्या खड्ड्याला चाक गेलं, त्याच्या पुढच्या आवळ वळणाला गाडी उलटी. मी आवाज चालू करून तीच स्टेज त्याच्यासमोर पूर्ण केली, सावकाश, पण पूर्ण. मग रेग्युलॅरिटी लावून दिला, तर दोन मिनिटांत कंट्रोलर खाली ठेवून “बंडल हाय हे” म्हणून चहा प्यायला गेला.

तुझ्या कंट्रोलरचं. चालतो, व्यवस्थित चालतो, मी कंट्रोलरवरच खेळतो. व्हील असलं तर मजा जास्त, पण ते घ्यायला थांबू नकोस. पहिल्या दिवशी रॅली वन घेऊ नकोस, ती गाडी नवख्याच्या हातात राहत नाही. खालच्या गटाची रॅली फोर किंवा जुनी मिनी घे, पुढच्या चाकांना जोर मिळणारी गाडी आहे, वेग कमी आहे, चूक पोटात घेते. तीच मिनी १९६४, ६५ आणि ६७ ला माँटे कार्लो जिंकलेली आहे, त्यामुळं कमी समजू नकोस. को-ड्रायव्हरच्या नोट्स साध्या आणि सविस्तर अशा दोन प्रकारात मिळतात, सुरुवातीला साध्या ठेव, आणि तो कधी बोलणार ती वेळ पण मागंपुढं करता येते, ती थोडी लवकर कर. तुला त्रास होतोय तो बहुतेक ह्याचाच, वाक्य कानावर पडून कळेपर्यंत वळण येतंय. छोट्या स्टेज निवड, ३० किलोमीटरवाल्या नंतर. रस्त्याकडं बघत त्याचं पुढचं वाक्य ऐकायची सवय लागली की बास.

वाईट पण सांगतो. प्लेस्टेशन ४ वर हा येत नाही, ५ पाहिजे, किंवा नवा एक्सबॉक्स, किंवा पीसी. पीसीवर आला तेव्हा गाडी चालवताना चित्र अडकत होतं, लोकांनी लय शिव्या घातल्या, नंतरच्या अपडेटनं बरंच सुधारलं, पण तुझा पीसी जुना असेल तर आधी दुसऱ्या कुणाकडं चालवून बघ. दिसायला फोर्झाएवढा देखणा नाही, ते झाडं-डोंगर चकचकीत बघायचे असतील तर निराश होशील. शेजारी-शेजारी गाड्या घासून पुढं जायची मजा पण ह्यात नाही, ऑनलाइन खेळलास तरी दुसऱ्याची वेळच मारायची असते.

आणि घरात भाऊ-बहीण, दोस्त कोणी असेल तर त्याला शेजारी बसव आणि घड्याळ त्याच्या हातात दे, रेग्युलॅरिटी दोघांत खेळून बघा. त्यानं हळू म्हटलं की हळू कर. वाद घालायचा असेल तर स्टेज संपल्यावर घाल. मावसभावाला ह्या उत्तराची लिंक मी आज पाठवतोय, वहीतल्या त्या पानाच्या फोटोसकट, ९.७ चा आकडा त्याच्या समोर लिहिलेला आहे आणि तेव्हाच्या वेळेसकट लिहिलेला आहे.