टोकन भरण्याआधी एवढं विचारा: या माणसाला पैसे कोण देतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, सीजीपीए 7.5, दहावीपर्यंत मराठी माध्यम, आणि पुढे त्याला जर्मन कारखान्यात काम करायचंय. ठाणे स्टेशनजवळच्या एका कन्सल्टन्सीने त्याला जर्मनीतलं एक खासगी विद्यापीठ सुचवलंय. मास्टर्स इंग्रजीतून आहे, जर्मन यायची गरज नाही, फी चौदा लाख, आणि सवलत हवी तर पन्नास हजारांचं टोकन याच आठवड्यात भरा, असं त्यांचं म्हणणं. टोकन भरू का, की नवी मुंबईत येणाऱ्या परदेशी विद्यापीठांसाठी थांबू, असं तुम्ही विचारलंय.

टोकन भरू नका. मी नौपाड्यात बरीच वर्षं जर्मन शिकवते. माझ्या वर्गातून गेलेली मुलं आज तिकडे शिकतायत, नोकऱ्या करतायत, काही परतही आली आहेत. त्यामुळे जे लिहितेय ते डोळ्यांसमोर घडलेलं आहे.

आधी कन्सल्टन्सीचं गणित समजून घ्या. समुपदेशन मोफत असतं, कारण त्यांचे पैसे दुसरीकडून येतात. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा इथली पुष्कळ विद्यापीठं आणि कॉलेजं प्रवेश पक्का झाला की एजंटला पहिल्या वर्षाच्या फीमधला ठरावीक हिस्सा देतात. यात बेकायदा काही नाही. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, आयर्लंड आणि न्यूझीलंड या देशांनी तर 2012 मध्ये एजंटांनी कसं वागावं याची तत्त्वं 'लंडन स्टेटमेंट' नावाने एकत्र मांडली. जर्मनीत मात्र बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्कच नसतं. फीच नाही तर तिच्यातला हिस्सा कुठून येणार? म्हणून जर्मनीचं नाव काढलं की समोरचा माणूस खासगी संस्थेचं माहितीपत्रक पुढे सरकवतो. मलाही असे प्रस्ताव येतात: तुमची मुलं आमच्याकडे पाठवा, प्रवेश झाला की प्रत्येक मुलामागे अमुक रक्कम. मी घेत नाही, कारण मग माझ्या सल्ल्यावर पालकांनी का विश्वास ठेवावा?

सगळ्याच खासगी संस्था वाईट आहेत असं मी म्हणत नाही. काहींना तिथल्या राज्य सरकारची मान्यता आहे, त्या चांगलं शिकवतातही. पण तुमच्या मुलाला आधी सरकारी विद्यापीठाचा रस्ता दाखवायलाच हवा होता. तो दाखवला गेलेला नाही, माझा राग त्यावर आहे.

त्याचे 7.5 कमी आहेत असं त्यांनी सांगितलं असेल, तर हा हिशोब बघा. जर्मनीत 1 हा सर्वांत चांगला ग्रेड, 4 म्हणजे जेमतेम पास. आपले गुण तिकडच्या मापात बसवायला 'मॉडिफाइड बव्हेरियन फॉर्म्युला' वापरतात. कमाल 10 आणि पास व्हायला 4 धरले तर 10 मधून 7.5 वजा, उरले 2.5. त्याला 6 ने भागा, 3 ने गुणा, 1 मिळवा. उत्तर 2.25. मास्टर्सच्या बऱ्याच अभ्यासक्रमांची अट 2.5 च्या आसपास असते. म्हणजे मुलगा शर्यतीत आहे. खरी अडचण विषयांच्या क्रेडिट्सची येते. गणित, मेकॅनिक्स, थर्मोडायनॅमिक्स किती शिकलाय ते तिथले लोक बारकाईने बघतात आणि आपल्या विद्यापीठाचा अभ्यासक्रम समोर ठेवून मोजतात. त्यामुळे प्रत्येक सेमिस्टरचा सिलॅबस आत्ताच डाउनलोड करून ठेवायला सांगा. केटी लागल्या असतील तर लपवू नका, मार्कशीटवर दिसतातच.

आता पैसे. कन्सल्टन्सीचे चौदा लाख ही फी आहे, ती गेली की गेली. सरकारी विद्यापीठात साधारण 100 ते 400 युरो सेमिस्टर शुल्क भरावं लागतं आणि त्यात पुष्कळ ठिकाणी बस-ट्रेनचा पासही येतो. अपवाद आहेत. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य 2017 पासून युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सेमिस्टरला 1,500 युरो घेतं, आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने 2024 च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला अशाच विद्यार्थ्यांना सेमिस्टरला 4,000 ते 6,000 युरो लावले आहेत. याशिवाय व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंट लागतं, म्हणजे वर्षभराच्या राहण्याखाण्याचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं. सप्टेंबर 2024 पासून ती रक्कम वर्षाला 11,904 युरो आहे. युरो शंभर रुपयांच्या घरात धरला तर बारा लाखांजवळ जाते. आकडा मोठा आहे, पण हे पैसे मुलाचेच असतात. तिथे पोचल्यावर महिन्याला 992 युरो त्याच्या हातात येतात, भाडं आणि किराणा त्यातूनच चालतो. पालक फी आणि ही रक्कम यांची गल्लत करतात, आणि ती गल्लत दूर करण्याची समोरच्याला काही घाई नसते.

भारतीय विद्यार्थ्यांना 1 नोव्हेंबर 2022 पासून एपीएस प्रमाणपत्रही सक्तीचं आहे. आपल्या पदव्या आणि मार्कशीट खऱ्या आहेत का, हे त्यात तपासतात. त्याला वेळ लागतो, म्हणून ते काम पुढे ढकलू नका. एपीएसचा अर्ज मुलगा स्वतः भरू शकतो. बऱ्याच विद्यापीठांचे अर्ज 'युनि-असिस्ट' या अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत जातात, तेही घरी बसून होतं. कोणते अभ्यासक्रम इंग्रजीतून आहेत, हे 'डाड' या जर्मन सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतं.

आता माझ्या जिव्हाळ्याचा मुद्दा. 'जर्मन यायची गरज नाही' हे प्रवेशापुरतं खरं आहे. वर्गात इंग्रजी चालेल. पण मेकॅनिकलच्या मुलाला नोकरी कुठे मिळते? मोठ्या नावाच्या चार कंपन्या सोडल्या तर छोट्या गावांतल्या, पिढ्यान्‌पिढ्या एका घराण्याने चालवलेल्या कारखान्यांत. तिथे शॉपफ्लोअरवर, मीटिंगमध्ये, सुरक्षेच्या सूचनांत सगळीकडे जर्मनच. शिकता शिकता कंपनीत आठवड्याला वीस तास काम मिळवायचं तरी तोच प्रश्न. पदवीनंतर नोकरी शोधायला अठरा महिने मिळतात, आणि भाषा न शिकलेल्या मुलाचे ते महिने कसे जातात हे मी रात्री उशिरा आलेल्या फोनवर ऐकलेलं आहे. चांगली हुशार मुलं असतात हो ती.

बी वनच्या, म्हणजे जर्मनच्या सहा पातळ्यांपैकी तिसरीच्या वर्गात मी मुलांना बाहेर जिन्यात उभं करते आणि तिथून मला फोन लावायला सांगते. मी आत बसून घरमालकीण होते. समोरासमोर झकास बोलणारी मुलं फोनवर गडबडतात, कारण ओठ दिसत नाहीत. एकाला मी खोलीचं क्षेत्रफळ सांगितलं, 'झेक्सउंडफियर्त्सिश', म्हणजे 46 चौरस मीटर. सहा आधी ऐकू आला म्हणून त्याने लिहिलं 64. तो इंग्रजी माध्यमातला होता. शेजारच्या मराठी शाळेतल्या मुलीने बरोबर लिहिलं, कारण शेहेचाळीस म्हणतानाही आपण सहा आधीच घेतो.

तुमच्या मुलाच्या मराठी माध्यमाची काळजी म्हणूनच सोडा. तो-ती-ते अशी तीन लिंगं जर्मनमध्येही आहेत. कुठल्या शब्दाचं कोणतं लिंग हे पाठच करावं लागतं, पण निर्जीव वस्तूलाही लिंग असतं याचं आपल्या मुलांना नवल वाटत नाही. विभक्ती शाळेत झालेली असते. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जातं, ते तर आपल्या तोंडातच बसलेलं आहे. मेहनत मात्र भरपूर आहे. गोएथे-इन्स्टिट्यूटच्या अंदाजाप्रमाणे बी वन गाठायला 45 मिनिटांच्या 350 ते 650 तासिका लागतात. तीन महिन्यांत बी टू करून देतो अशी पाटी दिसली तर पुढे चला. क्लास कुठलाही लावा, परीक्षा मात्र गोएथेसारख्या मान्यताप्राप्त संस्थेचीच द्या. आपल्याकडे तिचं नाव मॅक्स म्युलर भवन, मुंबईत काळा घोड्याला आहे.

नवी मुंबईबद्दल थोडक्यात. जून 2025 मध्ये पाच परदेशी विद्यापीठांना इरादापत्रं दिली गेली: अॅबरडीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय टेक आणि इटलीची आयईडी. सिडकोच्या एज्युसिटीत, विमानतळाजवळ ती येणार असं तेव्हा जाहीर झालं. यूजीसीच्या 2023 च्या नियमांनुसार इथली पदवी मूळ विद्यापीठाच्या पदवीच्या तोडीची असायला हवी आणि फी ती विद्यापीठंच ठरवतात. चांगली गोष्ट आहे, घरापासून जवळ शिकायचं असेल त्यांनी जरूर विचार करावा. पण तुमच्या मुलाला जर्मन कारखान्यात काम करायचंय. त्यासाठी लागणारी भाषा आणि पदवीनंतरची ती अठरा महिन्यांची मुदत एज्युसिटीत मिळणार नाही. त्याने त्यासाठी वर्ष अडवून ठेवू नये.

कन्सल्टन्सीत परत जाणार असाल तर मुलाला सोबत न्या आणि हे लेखी मागा: ज्या विद्यापीठाचं नाव सांगताय ते तुम्हाला कमिशन देतं का? व्हिसा नाकारला तर टोकन आणि फी किती दिवसांत परत मिळेल? वर्ग प्रत्यक्ष भरतात की अर्धे ऑनलाइन? संस्थेचं नाव 'अनाबिन' या जर्मन सरकारी यादीतही शोधा. तिथे 'एच प्लस' लिहिलेलं असेल तर ती मान्यताप्राप्त. प्रवेशपत्र आलं तरी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा ईमेल शोधून ते खरं आहे ना, हे थेट विचारा. खोट्या प्रवेशपत्रांचं प्रकरण गाजल्यावर कॅनडाने डिसेंबर 2023 पासून प्रत्येक पत्र कॉलेजकडून पडताळायला सुरुवात केली. ही पडताळणी आपण पैसे भरायच्या आधीच करावी.

फॉर्म भरायला कोणाची मदत हवीच असेल तर कामाची ठरलेली फी घेणारा सल्लागार शोधा, जो कमिशन घेत नाही असं लिहून देईल. असे लोक ठाण्यात आहेत.

मुलाच्या आठही सेमिस्टरच्या विषयांची यादी, नाव-गाव न देता, इथे टाका. कोणत्या क्रेडिट्स कमी पडण्याची शक्यता आहे आणि कोणत्या प्रकारच्या अभ्यासक्रमांना अर्ज करावा, ते बघून सांगते.