डाय कमी, पण शिरा नीट दिसतील का?

प्रश्न: माझी आई 62 वर्षांची आहे, मागे तिला काही महिने मानेतल्या कॅथेटरमधून डायलिसिस करावं लागलं, आता ते बंद झालंय पण क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते दाखवणारी रक्ततपासणी) 2.2 च्या आसपास असतं. हल्ली सकाळी उठली की चेहरा आणि उजवा हात सुजलेला असतो, छातीवर निळ्या शिरा उठून दिसतात. डॉक्टर म्हणाले छातीतली मोठी शीर ब्लॉक झाली असेल, कमी डाय (शिरा फोटोत दिसाव्यात म्हणून टोचायचं आयोडीनचं औषध) देऊन सीटी काढू. डायने किडनी जाईल का, आणि कमी डायमध्ये दिसणार तरी काय?

उत्तर: आधी दिसण्याचं बोलू. छातीतल्या शिरा बघायच्या तर घट्ट डाय उलट त्रासच देतो, तो इतका चमकतो की फोटोवर पट्टे उमटतात, आणि एकाच हातातून दिला तर दुसऱ्या हाताकडून येणारं बिनडायचं रक्त त्यात मिसळतं आणि गुठळी नसताना गुठळी असल्यासारखं दिसतं. म्हणून सलाईन मिसळून पातळ केलेला डाय दोन्ही हातांतून एकदम सोडतात. शिवाय मशीनचं व्होल्टेज 120 ऐवजी 80 किंवा 100 केव्हीवर ठेवलं की डायमधलं आयोडीन जास्त ठळक दिसतं, त्यामुळे कमी डायमध्येही काम होतं. सोनोग्राफी छातीच्या हाडामागे पोचत नाही, त्यामुळे सीटीचा सल्ला मला तरी योग्यच वाटतो.

आता किडनी. शिरेतून दिलेल्या डायची भीती पूर्वीइतकी राहिलेली नाही, पण आईंच्या वयाला 2.2 म्हणजे ईजीएफआर (किडनीची रक्त गाळण्याची क्षमता) 30 च्या खाली, तेव्हा सावध राहायलाच हवं. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर आधी सांगा, दुखण्याच्या गोळ्या मनाने देऊ नका, आधी सलाईन लावायचं का ते किडनीच्या डॉक्टरांना विचारा आणि दोन-तीन दिवसांनी क्रिएटिनिन परत तपासा. पूर्वी डायची अ‍ॅलर्जी झाली असेल तर तेही बोला.

एक गोष्ट मात्र आवर्जून करा, सुई हाताच्या पंज्यामागेच टोचायला सांगा, पुढेमागे फिस्टुला (डायलिसिससाठी हातातली शीर धमनीला जोडणं) करायची वेळ आली तर कोपराजवळच्या शिरा शाबूत हव्यात, आणि गर्दीत हे कुणाच्या लक्षात राहत नाही. कॅथेटर कुठल्या बाजूला होतं तेही सांगा, अडथळा बहुतेक तिथेच सापडतो. तो किती लांब आहे, पलीकडे शीर मोकळी आहे का, हे सीटीत कळलं की फुगा घालून ती उघडता येईल का ते ठरवता येतं.

दरम्यान श्वास घेताना घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज आला, किंवा आई गोंधळल्यासारखी बोलायला लागली तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, सरळ इमर्जन्सीत न्या.