सिंगापूरसारखा छोटा देश फ्लूच्या महामारीची तयारी कशी करतो?

२००३ मध्ये सार्सने तिथे ३३ बळी घेतले, तेव्हापासून ते ताकही फुंकून पितात. धोका किती ते सांगणारी 'डॉर्सकॉन' नावाची रंगांची पद्धत त्यांच्याकडे होती, कमी धोक्यापासून जास्त धोक्यापर्यंत: हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. रंग बदलला की कोणी काय करायचं ते आधीच ठरलेलं असायचं. ३० एप्रिल २००९ ला, देशात स्वाइन फ्लूचा एकही रुग्ण सापडलेला नसताना, त्यांनी नारिंगी लावला. आजार वाटला तितका जीवघेणा नाही असं दिसताच ११ मे ला पुन्हा पिवळ्यावर आले. मला हे खाली उतरणंच जास्त कौतुकाचं वाटतं. टॅमिफ्लू या फ्लूवरच्या औषधाचा साठा असतोच. पण खरी मदार घराजवळच्या खासगी दवाखान्यांवर. सरकारच्या साथ-तयारी योजनेत नाव असलेल्या अशा डॉक्टरांना साथीच्या काळात औषधं, मास्क सरकारी साठ्यातून मिळतात. त्यामुळे तापाचा प्रत्येक पेशंट मोठ्या हॉस्पिटलात धडकत नाही.