मान धरली नसताना पालथं घालायचं का?

प्रश्न : मुलगा सात आठवड्यांचा, पूर्ण दिवसांचा आहे. डॉक्टरांनी रोज पालथं घालायला सांगितलंय. मालिशवाल्या मावशी म्हणतात, मान धरेपर्यंत नको, लचक भरेल. पालथं घातलं की मिनिटभरात नाक सतरंजीत खुपसून रडतो. मानही बहुतेक वेळ उजवीकडेच असते.
– एक आई, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : मावशी सांगतात तो क्रम उलटा आहे. पालथं असताना डोकं उचलायची जी धडपड होते, तिनेच मान धरली जाते. स्वतःहून पालथं पडणं पुढचं, साधारण चार ते सहा महिन्यांचं. त्याची वाट बघू नका.

नाक खुपसतो, कारण हात छातीखाली किंवा अंगालगत अडकलेले असतात आणि सगळा भार पुढे येतो. गादीवर नको, फरशीवर सतरंजी आणि वर सुती चादर घाला. नॅपकिनची घट्ट गुंडाळी करून काखांच्या रेषेत छातीखाली ठेवा, दोन्ही हात तिच्यावरून पुढे काढा, कोपरं खांद्यांखाली आणा. गुंडाळी पोटाखाली सरकली तर डोकं आणखी खाली जातं, बहुतेक घरी इथेच चुकतं. मग कुल्ल्यांवर तळहात ठेवून पायांच्या दिशेने अगदी हलका दाब द्या. भार मागे गेला की डोकं वर येतं. तुम्ही समोर जमिनीवरच आडवं व्हा, चेहरा वीतभर अंतरावर. उभं राहून वरून हाक मारू नका.

दूध पाजल्यावर अर्धा तास थांबा. सध्या मिनिटभरच टिकतो ना? मग दर लंगोट बदलताना एक मिनिट, दिवसातून आठ-दहा वेळा. हळूहळू दिवसाची बेरीज १५ ते ३० मिनिटांवर न्या. फारच रडला तर तुम्ही मागे रेलून बसा आणि त्याला छातीवर पालथा घ्या, तेही धरायचं. या वयात डोकं क्षणभर उचललं तरी पुरे.

उजवीकडच्या मानेचं कारण आधी खोलीत शोधा. फ्लॅटच्या बेडरूमला खिडकी बहुधा एकाच भिंतीला असते आणि बाळ उजेडाकडे बघतं. पाळण्यात डोकं-पायाची दिशा बदला, बोलायला डावीकडून जा. मावशींना डोकं धरून मान ओढू-फिरवू मात्र देऊ नका. डावीकडे वळवताना अडकल्यासारखी वाटली किंवा मानेच्या बाजूला गाठ लागली, तर दहाव्या आठवड्याच्या लसीपर्यंत थांबू नका, आधीच दाखवा.

प्रश्न : पालथाच झोपला तर?

उत्तर : लगेच उताणा करा. झोप प्रत्येक वेळी पाठीवरच, सपाट आणि कडक गादीवर. मोहरीची उशीही नको. पालथं घालणं जागेपणी, आणि तेवढा वेळ मोठ्या माणसाने समोरून हलायचं नाही. चार महिने पूर्ण झाल्यावरही उचलून घेताना मान लटकत असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे न्या.