भीती वाटली म्हणजे विश्वास कमी पडला का?

काकूंनी ताप लपवला होता. दुसऱ्या केमोनंतरचा नववा दिवस. रात्री साडेदहाला अंग तापलं, थर्मामीटरने १०१ दाखवला. त्यांनी तो पुसून डब्यात ठेवला, देवापुढे बसून जप केला आणि दिवा मालवून झोपल्या. सकाळी सून चहा घेऊन गेली तेव्हा त्या दोन पांघरुणांखाली कुडकुडत होत्या. पांढऱ्या पेशी अगदी खाली गेल्या होत्या आणि संसर्ग रक्तात पोहोचला होता. सहा दिवस रुग्णालयात काढावे लागले.

घरी आल्यावर सून त्यांना माझ्याकडे समुपदेशनासाठी घेऊन आली. (हे सगळं त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) "सांगितलं का नाहीत?" हा प्रश्न घरातल्या प्रत्येकाने विचारून झाला होता, म्हणून मी तो विचारला नाही. विचारलं ते एवढंच, "थर्मामीटर बघितल्यावर मनात पहिलं काय आलं?"

त्या बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "वाटलं, कुणाला उठवलं तर मी घाबरले असं होईल. आणि घाबरले म्हणजे माझा विश्वास कच्चा."

काकूंचं वय ५९. शाळेतून निवृत्त झालेल्या, राहायला कोथरूडला. बावीस वर्षं माउलींच्या पालखीबरोबर पुण्याहून सासवडपर्यंत चालत गेलेल्या. गळ्याशी गाठ आली, तपासणीत लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, निघाला. दर २१ दिवसांनी एक अशी सहा केमोथेरपी ठरली. त्यांच्या नणंदबाई, ज्यांना त्या 'वन्सं' म्हणतात आणि सून 'आत्या' म्हणते, रोज फोन करून धीर द्यायच्या. धीर असा: "सगळा भार त्याच्यावर टाक. मनात एकही शंका आणू नकोस. शंका आली की देवाचे हात बांधले जातात."

हे वाक्य वेगवेगळ्या रूपांत माझ्या खोलीत येतच असतं. कॅम्पातल्या एका ख्रिस्ती आजींनी ते त्यांच्या शब्दांत सांगितलं होतं, कोंढव्यातल्या एका मुस्लिम गृहस्थांनी त्यांच्या शब्दांत. आजार मोठा असतो, पुढचं काही दिसत नसतं, रात्री छातीत धडधडतं. त्यात आणखी एक आरोप येऊन बसतो की, तुला भीती वाटते म्हणजे तुझीच श्रद्धा अपुरी. आजारापेक्षा या आरोपाने थकलेली माणसं मी पाहिली आहेत.

देव ऐकतो का, ऐकत असेल तर कसा, हे ठरवणं माझं काम नाही. काकूंचा विश्वास त्यांचा आहे, मला त्याला हात लावायचा नव्हता. पण माणसाच्या मनात आलेला एक विचार देवाचे हात बांधतो असं मानणं म्हणजे देवाला फारच छोटं करणं. हे माझं मत मी त्यांना स्पष्ट सांगितलं. ज्या विठ्ठलाशी नामदेव भांडले, जनाबाईंनी ज्याला खडसावलं, तो काकूंच्या धडधडीने रुसेल का?

त्यांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नाही. मग मी वारीबद्दल विचारलं. दिवे घाट चढताना पायाला फोड यायचे का?

"येणारच की."

"मग काय करायचात? माउलींवर विश्वास आहे म्हणून लपवायचात?"

त्या पहिल्यांदा हसल्या. "अहो, फोड लपवून चालेल का? रस्त्याच्या कडेला दवाखान्याच्या गाड्या असतात, तिथे पट्टी बांधून घ्यायची आणि पुढे निघायचं. लपवला तर घाटात बसायची वेळ येते, आणि मग बरोबरच्यांनाही थांबावं लागतं." एवढं बोलून त्या थांबल्या. मीही काही बोलले नाही. जे म्हणायचं होतं ते त्या स्वतःच म्हणून गेल्या होत्या.

पुढचं काम अगदी साधं होतं, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. मी त्यांना एक वही करायला सांगितली: रात्री किती वाजता जाग आली, तेव्हा काय वाटत होतं, केमोनंतरचा कितवा दिवस होता. पुढच्या केमोनंतर तीन आठवड्यांनी ती वही आम्ही दोघींनी मिळून वाचली. सगळ्यात वाईट रात्री एका ठिकाणी गोळा झाल्या होत्या, केमोनंतरचे पहिले पाच-सहा दिवस. त्यातल्या पहिल्या पाच दिवसांत त्यांना स्टेरॉइडच्या गोळ्या असतात. या गोळ्या झोप उडवतात, जीव अस्वस्थ करतात. काकू त्यातल्या काही रात्री जेवणानंतर घेत होत्या. डॉक्टरांना विचारल्यावर त्यांनी सगळ्या गोळ्या सकाळी नाश्त्यानंतर घ्यायला सांगितल्या. पुढच्या वेळी झोप पूर्ण लागली असं नाही, पण पहाटे तीनचं ते तळमळणं कमी झालं.

दुसरी नोंद वाचून मला गलबलून आलं. वहीत लिहिलं होतं, 'जपमाळ हातात राहत नाही. मणी कळत नाहीत. देवाने माळ काढून घेतली.' त्यांच्या केमोत व्हिन्क्रिस्टिन नावाचं औषध आहे. त्याने बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो, शर्टाचं बटण लावणंसुद्धा जड जातं. कुणीतरी हे आधी सांगितलेलंही असणार, पण पहिल्या भेटीत रुग्णाच्या कानात 'कॅन्सर' या शब्दापलीकडे फार काही शिरत नाही. तुळशीचे बारीक मणी बोटांना कळत नव्हते, एवढंच झालं होतं. सुनेने तुळशीबागेतून मोठ्या मण्यांची माळ आणून दिली.

सगळी भीती गोळ्यांचीच असते असं मी म्हणत नाही. मरणाची भीती खरी असते आणि तिला औषधाचं नाव देऊन उडवून लावू नये. पण आधी शरीराचं शरीराला देऊन टाकलं की मनाला खरोखर काय विचारायचंय ते ऐकू येतं.

केनेथ पार्गामेंट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८८ साली सहकाऱ्यांबरोबर एक मांडणी केली. संकटात श्रद्धाळू माणसं देवाशी तीन प्रकारे वागतात, असं त्यांना दिसलं. कुणी देवाने दिलेल्या बुद्धीवर स्वतःच सगळं निभावतं, कुणी सगळं त्याच्यावर सोडून वाट बघतं, आणि कुणी त्याच्या जोडीने काम करतं. काकूंना हे सांगितल्यावर त्या चटकन म्हणाल्या, "म्हणजे मी नोकरी, संसार, वारी सगळं जोडीने केलं आणि आजारात मात्र हात बांधून बसले."

आता वन्सं. खरं सांगायचं तर मला त्यांचा थोडा राग आला होता. काकूंनीच सुचवलं म्हणून एका भेटीला त्याही आल्या. ताठ बसल्या होत्या, हातात पिशवी घट्ट. मी त्यांना काही समजावलं नाही. विचारलं, "आत्या, तुम्हाला हे कुठे शिकायला मिळालं, की शंका आली की देवाचे हात बांधले जातात?"

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. सतरा वर्षांपूर्वी त्यांचे यजमान अतिदक्षता विभागात होते. आठ दिवस त्यांनी अखंड जप केला. आठव्या रात्री, बाहेरच्या बाकावर बसलेल्या असताना, एकदाच मनात आलं, 'हे काही आता राहत नाहीत.' पहाटे यजमान गेले. तेव्हापासून त्यांची खात्री होती की त्या एका विचाराने ते गेले. हे त्यांनी मुलांनाही कधी सांगितलं नव्हतं. वहिनीला त्या धाक घालत नव्हत्या. स्वतःची चूक तिच्या हातून होऊ नये म्हणून धडपडत होत्या.

काकूंनी त्यांचा हात धरला. म्हणाल्या, "वन्सं, त्या रात्री त्याच बाकावर मी तुमच्या शेजारी बसले होते. माझ्याही मनात तेच आलं होतं. डॉक्टरांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं हो."

मला यापुढे त्या तासात काही बोलावं लागलं नाही. दोघी रडल्या. जाताना वन्संनी थर्मामीटरबद्दल विचारलं. मी त्यांना कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं: केमो चालू असताना ताप १००.४ किंवा त्याहून जास्त झाला, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी आधी डॉक्टरांना फोन. पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट बघायची नाही, त्याने ताप झाकला जातो. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत जास्त जपायचं. त्या दिवसांत देवळातली गर्दी आणि कच्च्या दुधाचं पंचामृत नको, घरच्या देवाला उकळलेल्या दुधाचा नैवेद्य चालतो. आणि रात्री मन फारच सैरभैर झालं, घरात कुणाला उठवावंसं वाटेना, तर टेली-मानस या मानसिक आधाराच्या सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

चौथ्या केमोनंतर पेट स्कॅन होता, म्हणजे शरीरात कॅन्सर कुठे उरला आहे ते दाखवणारी तपासणी. त्यात शिरेतून किरणोत्सारी साखर देतात आणि साधारण तासभर एका खोलीत शांत पडून राहायला सांगतात. फार बोलायचंही नाही, हालचाल केली तर स्नायू ती साखर ओढून घेतात आणि चित्र बिघडतं. काकूंना स्कॅनपेक्षा या तासाची धास्ती होती. "त्या तासात मी त्याच्याकडे काय मागू?" मी म्हटलं, "जे खरं वाटेल ते. घाबरले आहे, एवढंच म्हटलंत तरी ती प्रार्थनाच आहे."

नंतर त्यांनी सांगितलं, पहिली दहा मिनिटं त्या भांडल्या. इतकी वर्षं आले, एकदा तू ये, असं म्हणाल्या. मग भांडून दमल्या. मग मनातल्या मनात हडपसरपासून दिवे घाटापर्यंत चालत गेल्या. रस्त्यावरची झाडं, पाण्याचे टँकर, केळी वाटणारी मुलं, सगळं आठवत. घाटाच्या पायथ्याशी पोहोचल्या आणि तंत्रज्ञ बोलवायला आला.

रिपोर्ट धड चांगला नाही, धड वाईट नाही. मोठ्या गाठी विरल्या आहेत, एक अजून दिसते. उरलेल्या दोन केमो पूर्ण करून पुन्हा बघायचं ठरलं आहे. काकू घाबरल्या आहेत, आणि तसं घरात सगळ्यांना सांगतात.

वन्संचा फोन अजूनही रोज रात्री नऊला येतो. आधी ताप विचारतात, मग जप.