वसंताच्या सुरुवातीला समुद्रकाठच्या शहरात जाताना

पहिल्यांदाच जाताय, तर एक गोष्ट आधीच मनात धरा: शहरात वसंत आला तरी समुद्र अजून हिवाळ्यातच असतो. पाणी जमिनीपेक्षा फार सावकाश तापतं. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून वारा सुटतो आणि छान ऊन असूनही किनाऱ्यावर हुडहुडी भरते. एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ कपडे आणि वर वारा अडवणारं जाकीट बरं.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक मात्र बघाच, इथे माझा आग्रह आहे. 20 मार्चच्या सुमारास दिवस-रात्र समान होतात, आणि त्या सुमाराच्या अमावस्या-पौर्णिमेला वर्षातली मोठी उधाणं येतात. ओहोटीत उघडे पडलेले खडक फार मोह घालतात. पाणी परततं तेव्हा कधीकधी मागची वाटच आधी बुडते. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, म्हणून कालच्या वेळेवर विसंबू नका.

बोटींच्या फेऱ्या बहुधा कमी असतात. परतीची शेवटची कधी ते आधी विचारा. आणि सकाळी धुकं असलं तर खोलीत बसू नका, बंदरावर जा. ते विरताना एकेक बोट दिसू लागते, ते मला भर हंगामातल्या किनाऱ्यापेक्षाही प्रिय आहे.