जखम नको, पहिली कमाई सांग

विंगेतून : वाचकांचे प्रश्न, एका जुन्या खलनायकाची उत्तरं

प्रश्न : काका, नमस्कार. मी लाखांदूर तालुक्यातला. आम्ही पाच जण आहोत : दोघं गावात, दोघं नागपूरला, एक पुण्याला. दर शनिवारी रात्री फोनवर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतो. म्हणजे प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं आणि फासे टाकत सगळ्यांनी मिळून गोष्ट पुढं न्यायची. या वेळी मी दुष्ट माणूस घ्यायचं ठरवलं. जादूगार आहे, पहिल्या लेव्हलचा, म्हणजे अगदी नवखा. नाव विषवर्धन. लहानपणी त्याच्या डोळ्यांसमोर डाकूंनी मायबाप मारले, घर जाळलं, वरून गावानं हाकललं. म्हणून त्याला साऱ्या जगाचा सूड घ्यायचा आहे. आतापर्यंत त्यानं तीन राज्यं जाळली. आमचा गेम मास्टर, म्हणजे डाव चालवणारा, म्हणते, ‘पटत नाही, पुन्हा लिहून आण.’ चार पानं लिहिली होती हो! आता त्याच्या वाट्याला आणखी काय दुःख टाकू?

उत्तर : बाबू, दुःख टाकू नको. आहे त्यातलंच अर्धं काढ.

आधी साधा हिशोब करू. तुझा विषवर्धन पहिल्या लेव्हलचा जादूगार. पाचव्या आवृत्तीच्या 2014 च्या नियमानं त्याचे हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसेल तो आकडा, सहा, वर अंगाच्या काटकपणाचा आकडा. म्हणजे सात, फार तर आठ-नऊ. लांडग्याचा एक चावा सरासरी सातचा. एका लांडग्यानं धरलं तर जो आडवा होतो, त्यानं तीन राज्यं जाळली कशी? तुझा गेम मास्टर इथंच हसला असेल. राज्यं जाळायचीच तर खेळात जाळ, चौघांच्या देखत. खेळ सुरू व्हायच्या मागच्या गोष्टीत तेवढंच असू दे, जेवढं एका बिननावाच्या माणसाच्या हातून होऊ शकतं.

(मला हा खेळ कसा माहीत, असं काही जण विचारतात. 2020 च्या टाळेबंदीत भाचा नागपूरहून घरी आला तो फाशांची पिशवी घेऊन. नाटकं बंद, हाताला काम नाही. छपरीत बसून खेळायला लागलो. आता त्या पोरांचा गेम मास्टर मीच. आमच्याकडं त्याला सूत्रधार म्हणतात.)

आता मायबापाचं. लहानपणी सगळं गेलेली माणसं मी पुष्कळ पाहिली. त्यातला एक आमच्या नाटक कंपनीत पेटी वाजवायचा, एक मास्तर झाला, एक दारूत गेला. दुष्ट त्यातला एकही झाला नाही. मार खाऊन माणूस मोडतो, गप्प होतो, चिडका होतो. दुष्ट व्हायला आणखी काही लागतं. एकदा वाईट वागून त्याचा फायदा व्हावा लागतो, आणि त्या रात्री त्याला झोप लागावी लागते.

मी झाडीपट्टीत बावीस सिझन खलनायक केला. झाडीपट्टी म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीचा धानाचा मुलूख. दिवाळी झाली, धान घरात आलं की गावोगाव मंडई म्हणजे जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्रभर नाटक. कंपन्यांचा सगळा कारभार वडशातून, कागदावर ज्याला देसाईगंज म्हणतात तिथून. 2023 साली झाडीपट्टीचे नट परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्या बऱ्याच जणांना कळलं की इकडंही नाटक असतं. असो.

पहिल्याच वर्षी मला सावकाराचा रोल मिळाला. मी ह्या एवढ्या मिशा लावल्या, डोळे लाल केले आणि दर वाक्यामागं हा हा हा. लोक भ्यायचे सोडून पुढं बसलेली पोरं माझी नक्कल करायला लागली. दुसऱ्या दिवशी बस स्टँडवर चहा पिताना आमचा प्रॉम्प्टर म्हणाला, “तू कोणाले भेव दाखवून राहिला? तुले त्या बाईचं वावर पायजे ना? मंग वावर माग. हासून कायले राहिला?”

तेव्हा मला लहानपणचा एक धान घेणारा आठवला. नाव सांगत नाही, त्याची नातवंडं माझी नाटकं पाहतात. धानाचा कट्टा, म्हणजे पोतं, चढवायच्या आधी तो काट्याची फळी धोतराच्या सोग्यानं पुसायचा. बाबांच्या गुडघ्याची चौकशी करायचा, माझ्या हातावर फुटाणे ठेवायचा. आणि मग ओल म्हणून, माती म्हणून, कट्ट्यामागं कडता कापायचा, म्हणजे वजन कमी धरायचा. बाबा त्याला कधी वाईट बोलले नाहीत. रिकामी बंडी हाकत घरी येताना म्हणायचे, “माणूस मायाळू आहे, हिशोबाचा तेवढा पक्का.” पुढच्या खेळाला मी मिशा काढून ठेवल्या. बाईचा अंगठा घेण्याआधी दुपट्ट्यानं टेबल पुसलं आणि तिच्या पोराची तब्येत विचारली. खाली बसलेली एक म्हातारी जोरात ओरडली, “अवो बाई, देऊ नोको अंगठा!”

मी आधीपेक्षा जास्त वाईट झालो नव्हतो. मला काय पाहिजे, एवढंच त्या म्हातारीला दिसलं होतं.

म्हणून सांगतो, तुझ्या पात्राची जखम शोधत बसू नको, त्याची पहिली कमाई शोध. वाईटपणातून त्याला पहिल्यांदा काय मिळालं? कोण बघत होतं? नाही म्हणायची संधी होती का? ती असलीच पाहिजे. नसेल तर तो दुष्ट नाही, बिचारा आहे, आणि बिचाऱ्याला खेळवायचा कंटाळा येतो.

आपल्याच विदर्भातला रुक्मी घे. कौंडण्यपूरचा राजपुत्र, रुक्मिणीचा भाऊ. बहीण शिशुपालाला द्यायची याची इच्छा, तिला कृष्णानं नेलं. ‘कृष्णाला मारल्याशिवाय नगरात पाय ठेवणार नाही’ म्हणून मागं धावला, हरला, आणि कृष्णानं त्याचे केस-मिशा वेड्यावाकड्या भादरून त्याला सोडला. तुझ्यासारख्यानं लिहिलं असतं तर गोष्ट इथंच थांबली असती : अपमान झाला, आता सूड. पण भागवतात पुढचं बघ. शपथेमुळं घरी जाता येईना, म्हणून त्यानं तिथंच भोजकट नावाचं नगर वसवलं. अमरावतीजवळचं भातकुली म्हणजे तेच, असं लोक सांगतात. लाजेतून त्याला राजधानी मिळाली! इतकंच नाही. ज्या कृष्णाचा इतका राग, त्याच्याच मुलाला आपली मुलगी दिली आणि नातवाला नात. का? तर बहिणीला बरं वाटावं म्हणून. आणि शेवटी मेला कुठं? त्याच नातीच्या लग्नात, फासे खेळताना. बलरामाला खेळता येत नाही म्हणून त्याला डिवचत राहिला, जिंकलेला डाव नाकारला, आणि बलरामानं लोखंडी अडसर डोक्यात घातला. महाभारताच्या युद्धाआधी हा दोन्ही बाजूंना मदत द्यायला गेला होता, तीही अशा तोऱ्यात की पांडवांनी नको म्हटलं आणि दुर्योधनानंही. असा माणूस मला खेळायला मिळाला तर मी शनिवारची वाट पाहीन. बहिणीवर जीव आहे, ताठा जात नाही, आणि स्वतःचं गाव आहे जे हरल्यामुळंच मिळालं.

आता तुझ्यासाठी एक करून दाखवतो. तुझ्या तालुक्यात मामा तलाव असतीलच. मामा म्हणजे माजी मालगुजारी, मालगुजारी म्हणजे इकडची जुनी जमीनदारी. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले, नाव तेवढं चिकटून राहिलं. असा एक तलाव उचल आणि खेळातल्या दुनियेत नेऊन ठेव.

रोवणी झाली आणि पावसानं दडी मारली. गावानं पाण्याच्या पाळ्या लावल्या : आज ह्या बांध्या (धानाचे तुकडे), उद्या त्या. तुडूम, म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं दार, उघडायचं काम तुझ्या माणसाकडं, कारण गावात सगळ्यात सरळ तोच, आणि त्याला आकडे येतात. तिसऱ्या रात्री एक जण कंदील विझवून येतो. त्याची पाळी आठव्या दिवशी, तोवर त्याचं धान करपणार. सोबत एक कट्टा आणलेला. तुझा माणूस नाही म्हणतो. येणारा वाद घालत नाही, कट्टा तलावाच्या बांधावर ठेवून निघून जातो. पहाटेपर्यंत हा कट्ट्याकडं बघत बसतो, मग उठतो आणि पाणी वळवतो.

सकाळी कोणालाच काही कळत नाही. ज्याची पाळी होती त्याला वाटतं, तलावच आटला. दिवाळीला त्याच्या घरी तणसाशिवाय काही येत नाही. बायकोपोरं घेऊन तो जगायला बाहेर निघतो. जाताना तुझ्या माणसाच्या पाया पडून जातो, कारण गावात सगळ्यात सरळ तोच.

बघ, डाकू नाहीत, जाळपोळ नाही. एक रात्र आहे, एक कट्टा आहे, आणि नाही म्हणून झाल्यावर बदललेलं मन आहे. पुढच्या वर्षी तो कट्ट्याची वाट बघतो. त्याच्या पुढच्या वर्षी भाव सांगतो. पहिल्या लेव्हलच्या जादूगाराच्या पोथीत सहा मंत्र असतात. त्यातले दोन ह्या कट्ट्यांच्या पैशातून शिकला असं लिही. आणि कोणी विचारलं तर तो काय म्हणतो? “पाणी सगळ्यांना पुरणारच नव्हतं. कोणाचं वाळायचं, एवढंच मी ठरवलं.” हे वाक्य त्याला मनापासून खरं वाटलं पाहिजे. लिहिताना पाच मिनिटं तुलाही खरं वाटलं पाहिजे. तुला लाज वाटली तर समज, जमलं.

तुमच्या कागदावर स्वभाव, तत्त्व, बंध आणि खोट असे चार रकाने असतील, 2014 च्या नियमपुस्तकात तसेच आहेत. पहिले दोन तुझे तू भर. बंध आणि खोट ह्यांत मात्र घाई करू नको, पात्र तिथंच जिवंत होतं. मी असतो तर लिहिलं असतं : दर दिवाळीला तो त्या गाव सोडून गेलेल्या माणसाच्या नावानं एक कट्टा बाजूला काढतो. पाठवत मात्र नाही. ते घर कुठं गेलं, पोरं किती मोठी झाली, हे तू लिहू नको. तेवढी जागा गेम मास्टरला ठेव. एखाद्या शनिवारी कुठल्यातरी शहराच्या वेशीवर त्यातलंच एक पोरगं पहाऱ्याला उभं दिसेल, तेव्हा मला पत्र टाक.

पात्र कुठल्या बाजूचं हे सांगणाऱ्या, चांगल्या-वाईटाच्या नऊ चौकटींबद्दल तू विचारलं नाहीस, पण सांगतो. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ आणला तेव्हा बाजू तीनच होत्या : कायदा, गोंधळ आणि मधला. चांगलं-वाईट नंतर जोडलं. तुझा तलाववाला कायद्यानं चालणारा दुष्ट. तो चोरी करत नाही, वाटणी करतो. म्हणूनच तुझे साथीदार त्याला सोबत ठेवतील. हिशोब कोणाला येतो, तर याला. सोन्याच्या नाण्यांची थैली ते स्वतःहून याच्या हातात देतील. मग एका अंधाऱ्या भुयारात दोघं रक्तबंबाळ पडलेले असतील आणि 50 नाण्यांची औषधाची एकच कुपी थैलीत असेल. कोणाला द्यायची, ते हाच ठरवणार.

एका पानात बसव. चार पानं कोणी वाचत नाही, मी सुद्धा तुझं पत्र दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा कुठं डाकू सापडले.

प्रश्न : काका, माझ्या चोरट्या पात्रानं साथीदारांचाच खजिना पळवला. सगळे रुसले. मी म्हटलं, “मी काय करू, माझं पात्रच तसं आहे.” यात माझं काय चुकलं? (एक वाचक, उमरेड)

उत्तर : पात्र तसं आहे, पण तसं केलं कोणी? तूच ना. स्टेजवर मी हिरोला थापड मारतो तेव्हा आवाज माझ्या हाताचा नसतो. थापड खाणाराच खाली हात धरून टाळी वाजवतो. तो तयार नसला तर एकतर आवाज येत नाही, नाहीतर खरोखर लागते. डाव मांडायच्या आधी एक संध्याकाळ नुसतं बोलायला बसा. काय चालेल, काय मुळीच नको, एकमेकांचं चोरायचं का, सगळं ठरवा. गटात कोणी म्हटलं की लहान मुलांना इजा होईल असं काही नको, तर कारण विचारू नका, नको म्हणजे नको. खजिना परत कर. पात्राला कारण हवं असेल तर भाव पडला म्हणून परत केला असं सांग.

प्रश्न : खलनायकाचं नाव कसं ठेवावं? (तोच, लाखांदूरचा, चिठ्ठीच्या मागं लिहिलं होतं)

उत्तर : त्याच्या आईनं ठेवलं तसं. बारशाला कोणी विषवर्धन ठेवत नाही रे बाप्पा. एखादं शांताराम, दयाराम बघ.

भाऊबीजेपासून माझे खेळ सुरू होतात, त्यामुळं होळीपर्यंत उत्तरं उशिरा येतील. पत्रात पान एकच असावं.